पाहुण्यांना एका दिवसात फोर्ट दाखवायचा तर: क्रम, तयारी आणि हमखास होणाऱ्या चुका

दिवाळी झाली की आमच्या मुलुंडच्या घरी पाहुण्यांचा मोसम सुरू होतो, तो मे महिना संपेपर्यंत चालतो. कऱ्हाडची आत्या, सांगलीचे काका, नगरची मावसबहीण, त्यांची मुलं. चहा संपायच्या आत ठरलेलं वाक्य येतं, "उद्या जरा मुंबई दाखव की." मग कागदावर यादी उतरते: गेटवे, म्युझियम, राणीचा बाग, हाजी अली, सिद्धिविनायक, म्हातारीचा बूट, आणि वेळ उरलाच तर जुहू. वेळ कधीच उरत नाही. संध्याकाळी पाच वाजता कोणीतरी फूटपाथवर चपला काढून बसलेलं असतं आणि पाहून झालेली असतात ती टॅक्सीच्या काचेतून दिसलेली सिग्नलची पोरं.

हे मी स्वतः चार-पाच वेळा करून बसले. आता एकच दिवस असेल तर मी मुंबई दाखवत नाही, फक्त फोर्ट, म्हणजे दक्षिण मुंबईचा जुना भाग, दाखवते. सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) स्टेशनपासून मरीन ड्राइव्हपर्यंत, बहुतेक पायी, ठरलेल्या क्रमाने. हा क्रम ऊन कुठून येतं, भूक कधी लागते आणि बाथरूम कुठे आहे या तीन गोष्टींवर बेतलेला आहे. ठिकाणं किती प्रसिद्ध आहेत यावर नाही.

टप्पा १: यादी कापा, आणि ती पाहुण्यांसमोर कापा

आदल्या संध्याकाळीच स्पष्ट सांगा: उद्या सिद्धिविनायक नाही, जुहू नाही, राणीचा बाग नाही. दादर, महालक्ष्मी आणि भायखळा यांपैकी एक जरी फोर्टच्या दिवसात घुसवलं तरी दीड-दोन तास रस्त्यात जातात. ज्यांना देवदर्शन हवंच आहे त्यांच्यासाठी दुसरी सकाळ ठेवा.

दिवसाचं अंतर साधारण पाच-सहा किलोमीटर चालण्याचं होतं. ऐकायला फार वाटत नाही, पण त्यात उभं राहणं, जिने आणि भुयारी मार्ग धरलेले नाहीत. घोळक्यात जो सर्वांत सावकाश चालतो त्याच्या पायाने दिवस मोजायचा. आत्याचे गुडघे दुखत असतील तर टप्पा ६ मधलं हॉर्निमन सर्कल सरळ गाळा. अर्धा तास वाचतो आणि कोणाला कळतही नाही.

टप्पा २: वार ठरवा

सगळ्यात जास्त दिवस वाया जातात ते वारामुळे.

सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. रीगल सिनेमाच्या चौकातलं आधुनिक कलेचं राष्ट्रीय दालन, म्हणजे एनजीएमए, तेही सोमवारी बंद. बुधवारी राणीचा बाग बंद. रविवारी फोर्टातले रस्ते मोकळे असतात, इमारती निवांत बघता येतात, पण तिथली बरीचशी हॉटेलं ऑफिसच्या लोकांवर चालतात, ती बंद असतात. शिवाय रविवार म्हणजे मेगाब्लॉक, दुरुस्तीसाठी काही मार्गांवर लोकल बंद. आणि गेटवेवर अख्खा महाराष्ट्र त्याच दिवशी आलेला असतो.

माझी पसंती शनिवारला. लोकलला आठवड्यातल्या इतर दिवसांएवढी गर्दी नसते, दुकानं उघडी असतात. तो जमत नसेल तर मंगळवार ते शुक्रवार कुठलाही.

महिन्याचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. ऑक्टोबर आणि मे दोन्हींत दुपार भाजून काढते. पावसाळ्यात फोर्ट फार देखणा दिसतो, पण म्हाताऱ्या माणसांना ओल्या फरशीवरून नेताना आपलाच जीव मुठीत असतो.

*तपासा:* आदल्या रात्री रेल्वेच्या ब्लॉकची बातमी वाचा. मध्य, हार्बर आणि पश्चिम या तिन्ही मार्गांच्या वेळा वेगळ्या असतात. "ब्लॉक आहे" एवढ्यावर थांबू नका. कुठल्या दोन स्टेशनांदरम्यान आणि कुठल्या बाजूच्या गाड्या, हे बघा.

टप्पा २-अ: घारापुरी हवीच असेल तर

"एलिफंटा नाही पाहिलं तर मुंबई काय पाहिली," असं म्हणणारा एक काका प्रत्येक घरात असतो. त्याच्या समाधानासाठी हा वेगळा रस्ता. पण मग सकाळचा फोर्ट सोडून द्यायचा. दोन्ही एका दिवसात बसत नाहीत.

माझी सर्वांत मोठी फजिती इथलीच. कऱ्हाडचे सात जण, सकाळी दहाला गेटवेवर हजर, डबे भरलेले, टोप्या घातलेल्या. आणि वार सोमवार. मी कॅलेंडरवर सुट्टी बघितली होती, वार बघितलाच नव्हता. आत्या काही बोलली नाही. तिने तिथेच कठड्याशी बसून दशमीचा डबा उघडला, ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

१. बोटी सकाळी नऊच्या सुमाराला सुटू लागतात. पहिल्या एक-दोन बोटींतच बसा. दुपारी दोननंतर तिकडे निघण्यात अर्थ नाही.

२. तिकीट गेटवेजवळच्या खिडकीवरच काढा. वाटेत हात धरून "साहेब, बोट, बोट" करणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. तिकीट जाण्या-येण्याचं आहे ना, हे वाचून बघा. वरच्या डेकवर बसायचे थोडे जास्त पैसे बोटीतच मागतात. ती फसवणूक नव्हे, पण आधी माहीत असलेलं बरं.

३. लाइफ जॅकेट दिलं की अंगात घाला. मांडीवर ठेवून फोटो काढायला ते दिलेलं नसतं. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावरच्या बोटीला भीषण अपघात झाला, तेव्हापासून मी यात कोणाचंच ऐकत नाही.

४. बोटीला एका बाजूने साधारण तास लागतो. धक्क्यावरून पायथ्यापर्यंत छोटी गाडी असते, मुलांना ती लेण्यांपेक्षा जास्त आवडते. तिथे ग्रामपंचायतीचा किरकोळ कर आणि वर पुरातत्त्व खात्याचं वेगळं तिकीट, म्हणून सुटे पैसे जवळ ठेवा.

५. वर जायला सुमारे १२० पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंनी दुकानं असल्यामुळे सावली मिळते, पण प्रत्येक दुकानापाशी कोणीतरी रेंगाळतं. खरेदी उतरताना, असा नियम पायथ्याशीच घाला. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते. भाव आधी ठरवा, आणि तो जाण्या-येण्याचा मिळून आहे का ते विचारा.

६. हातात काही खायचं-प्यायचं दिसलं की माकडं येतात. थंड पेयाची बाटली तर ती अगदी सराईतपणे उघडतात.

७. वर गेल्यावर पाचही लेण्यांत फिरत बसू नका. पहिल्या मोठ्या लेण्यात पाऊण तास घालवा. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटं नुसतं उभं राहा, मग समोरची त्रिमूर्ती हळूहळू उगवून येते. सुमारे वीस फूट उंच आहे ती. घाईने आत येऊन लगेच मोबाइलचा उजेड पाडणाऱ्यांना हे दिसतच नाही.

परत गेटवेवर दीड-दोनला पोहोचलात की जेवा आणि इथून पुढे टप्पा ७ पासून सुरू करा.

टप्पा ३: आदल्या रात्रीची तयारी

*पाय.* नवीन चप्पल घालून आलेला माणूस अकरा वाजता लंगडतो, यात मी आजवर चुकलेले नाही. पाहुणे "मुंबईला जायचं" म्हणून खास ठेवणीतल्या चपला काढतात. रात्रीच बघा आणि घरातले जुने फ्लोटर्स द्या.

*पाणी.* माणशी एक बाटली. दिवसभर विकत घेत बसलात तर तिकिटांपेक्षा पाण्याला जास्त पैसे जातात.

*पिशव्या.* म्युझियममध्ये मोठ्या बॅगा बाहेर ठेवाव्या लागतात, गेटवेवर बॅग तपासतात. म्हणून घरटी एकच सॅक. तिच्यात टोप्या, एक ओढणी किंवा पंचा, एखादं पिठीसाखरेचं पुडकं किंवा चघळायच्या गोड गोळ्या, आणि ज्याची औषधं चालू आहेत त्याची दुपारची गोळी.

*खाणं.* सकाळी घरून भरपेट नाश्ता करून निघा. सोबत फक्त कोरडं घ्या: दशम्या, चिवडा, केळी. रस्सा नको. दुपारचा डबा नेऊ नका. तो उघडून बसायला फोर्टात सावलीची जागा शोधणं म्हणजे एक वेगळीच सहल.

*संपर्क.* लहान मुलाच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. मोठ्यांनाही नंबर पाठ नसतो, तेव्हा त्यांच्याही खिशात.

*गाइड घ्यायचा असेल तर* तेही आदल्या दिवशीच ठरवा, गेटवेवर उभं राहून नव्हे. पर्यटन मंत्रालयाचा परवाना असलेल्या गाइडकडे ओळखपत्र असतं, ते बघायला मागा. खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही. चार गोष्टी लिहून घ्या: किती तास, किती माणसं, तिकिटं आणि टॅक्सी त्यात धरलीय का, आणि भाषा. मराठीत बोलणारा हवा असेल तर ते आधी सांगावं लागतं. नाहीतर पाहुण्यांना सगळं इंग्रजीत ऐकावं लागतं आणि भाषांतर करून करून तुमचाच घसा बसतो. फोर्टात सकाळच्या वेळी सामूहिक हेरिटेज वॉकही होतात, बहुतेक शनिवार-रविवारी. त्या चांगल्या असतात, पण सलग दोन-अडीच तास उभं राहण्याच्या. मुलं आणि सत्तरी ओलांडलेली माणसं बरोबर असतील तर मी सुचवणार नाही.

टप्पा ४: लोकलने उतरणं

गाडीने येऊ नका. फोर्टात पार्किंग शोधण्यात जाणारा वेळ म्युझियमच्या एका मजल्याएवढा असतो.

कामाच्या दिवशी सकाळी साधारण साडेसात ते दहा या वेळात मुंबईच्या दिशेने पाहुण्यांना घेऊन चढायचं नाही. एकतर त्याआधी निघा, नाहीतर दहानंतर आणि पुढचं सगळं त्या मानाने सरकवा. सवय नसलेल्या माणसाला गर्दीच्या डब्यात घालणं म्हणजे त्याला आयुष्यभर पुरेल असा किस्सा देणं आहे, आणि तो किस्सा तुमच्या नावाने सांगितला जातो.

१. तिकीट परतीचंच काढा. ॲपवर काढणार असाल तर स्टेशनच्या आवारात शिरण्याआधी काढा.

२. बायका लेडीज डब्यात, पुरुष जनरलमध्ये, असं विभागणार असाल तर प्रत्येक डब्यात एक मुंबईकर हवा. नसेल तर सगळे एकाच डब्यात.

३. शेवटच्या स्टेशनपर्यंत जायचं, म्हणजे सीएसएमटी किंवा चर्चगेट. मध्ये कुठे उतरायचं नाही, त्यामुळे चुकायची भीती नाही. तरी एक वाक्य सगळ्यांकडून पाठ करून घ्या: "चढायचं राहिलं तर तिथेच थांबायचं. चुकीच्या जागी उतरलो तर तिथेच थांबायचं." शोधायला एकानेच निघायचं, दोघांनी नाही.

४. "स्टेशनवर भेटू" म्हणू नका. सीएसएमटीला १८ फलाट आहेत. १ ते ७ लोकलचे, पुढचे लांबच्या गाड्यांचे. पुण्याहून थेट गाडीने येणारा पाहुणा दुसऱ्या टोकाला उतरतो. भेटायची जागा लोकलच्या बाजूची तिकीट खिडकी, असं नेमकं सांगा.

अंधेरी, वांद्र्याकडून येत असाल तर आता भुयारी मेट्रोचाही पर्याय आहे. तिची सीएसएमटी आणि हुतात्मा चौक ही दोन्ही स्टेशनं आपल्या वाटेवरच पडतात.

*तपासा:* स्टेशन सोडण्याआधी सगळ्यांनी बाथरूमला जाऊन या. "मला नाही जायचं" म्हणणाऱ्यालाही पाठवा. पुढची खात्रीची जागा थेट म्युझियममध्ये आहे.

टप्पा ५: सीएसएमटी ते हुतात्मा चौक (नऊ ते सव्वादहा)

इथे होणारी पहिली चूक म्हणजे स्टेशनातून बाहेर पडून तडक भुयारी मार्गात शिरणं. त्यातून बाहेर यायच्या वाटा इतक्या आहेत की चार्जर आणि कव्हरं विकणाऱ्यांमधून फिरत फिरत माणूस दुसऱ्याच फूटपाथवर निघतो. सगळे एकत्र, एकाच वाटेने, महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला निघा. तिथून स्टेशन पूर्ण दिसतं.

स्टेशनची ही इमारत १८८० च्या दशकातली, वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स. समोरची महापालिकेची इमारतही त्यांचीच, १८९३ मध्ये पुरी झालेली. २००४ पासून सीएसएमटी जागतिक वारशाच्या यादीत आहे. एवढं सांगून थांबा. पाहुण्यांना तारखा नको असतात, शोधायला काहीतरी हवं असतं. म्हणून मी मुलांना कामाला लावते: फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आहे, दुसऱ्या बाजूला वाघ, कुठला कुठे ते सांग. घुमटावर उभी असलेली बाई हातात काय धरून आहे? वर केलेल्या हातात मशाल, दुसऱ्या हाताशी चाक. भिंतींवरच्या नक्षीत माकडं, मोर, खारी लपलेल्या आहेत. दहा मिनिटं आरामात जातात आणि मोठी माणसंही माना वर करून शोधू लागतात.

फोटोचा आग्रह आत्ता करू नका. इमारतीचं तोंड पश्चिमेला आहे, सकाळी सूर्य तिच्या पाठीमागे असतो आणि फोटो काळपट येतो. तो रात्रीसाठी राखून ठेवा.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने सरळ दक्षिणेला. या रस्त्याच्या इमारतींना खालून कमानींचे सज्जे आहेत, त्यामुळे जवळजवळ पूर्ण वाट सावलीतून जाते. अंतर सुमारे एक किलोमीटर. दोन्हीकडे फूटपाथवर घड्याळं, पाकिटं, चष्मे मांडलेले असतात. खरेदीवाल्या मंडळींना इथे मोकळं सोडलंत तर म्युझियम बुडालं म्हणून समजा.

हुतात्मा चौकात सगळे १८६४ च्या फ्लोरा फाउंटनकडे तोंड करून उभे राहतात आणि स्मारकाकडे पाठ करतात. उलट करा. मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार यांचं हे शिल्प संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्यांचं स्मारक आहे. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच परिसरात गोळीबार झाला होता. सांगलीच्या काकांना मी कारंज्यावरच्या रोमन देवीबद्दल सांगत होते. ते मान डोलावत होते, पण डोळे मागच्या मशालीवर. त्यांचे वडील त्या चळवळीच्या सभांना जायचे, हे मला त्या दिवशी कळलं. मग आम्ही तिथे वीस मिनिटं बसलो आणि मी पुढचा एक थांबा गाळला.

टप्पा ६: हॉर्निमन सर्कल आणि काळा घोडा (सव्वादहा ते बारा)

हुतात्मा चौकातून डावीकडे वळलं की सेंट थॉमस कॅथीड्रल लागतं. १७१८ चं हे चर्च; चर्चगेट हे नाव याच्यावरूनच पडलं, आणि ही एक गोष्ट रोज चर्चगेटला उतरणाऱ्यांनाही माहीत नसते. पुढे हॉर्निमन सर्कलची गोल बाग, तिच्या पलीकडे १८३३ चा टाउन हॉल, जिथे एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. त्याच्या तीस पायऱ्या. ज्यांना चढायचं ते चढतील, बाकीच्यांना बागेतल्या बाकावर बसू द्या. हा विसावा मोलाचा आहे, घाईत गाळू नका.

*सावधान:* इथून पुढे गोदीच्या बाजूला गेलात तर नौदलाची हद्द लागते. तिथे कॅमेरा बाहेर काढू नका.

मग मागे वळून काळा घोडा. इथे पाहुणा हमखास विचारतो, "घोडा कुठाय?" उत्तर तयार ठेवा. काळ्या घोड्यावर बसलेल्या ब्रिटिश राजपुत्राचा मूळ पुतळा १९६५ मध्ये इथून हलवला, तो आता राणीच्या बागेत आहे. नाव मात्र राहिलं. २०१७ पासून चौकात नवा घोडा आहे, स्वाराविना.

जहांगीर कला दालन अकराला उघडतं आणि प्रवेश मोफत आहे. चित्रांत रस नसला तरी दहा मिनिटं आत जा. बाहेरच्या फूटपाथवर बसणारे चित्रकार समोर बसवून चेहरा काढून देतात. किंमत आधी विचारा आणि वेळ किती लागेल तेही. नगरच्या बहिणीचं चित्र पूर्ण व्हायला चाळीस मिनिटं लागली, आणि ते तिच्यासारखं अजिबात नव्हतं. ते आता त्यांच्या हॉलमध्ये लावलंय.

टप्पा ७: जेवण आणि म्युझियम (बारा ते तीन)

बाराला जेवायला बसा, भूक असो वा नसो. एक वाजता फोर्टातली सगळी ऑफिसं एकदम खाली उतरतात आणि मग सात माणसांना एकत्र टेबल मिळणं अशक्य. जागा निवडताना चवीइतकंच तिथे बाथरूम आहे का आणि पंखा कुठे आहे हे बघा. इराण्याकडे जायची हौस असेल तर जेवणासाठी नको, चहा आणि ब्रून मस्का यासाठी जा. ब्रून हा कडक पाव असतो, तो चहात बुडवून खातात. हे आधी सांगा, नाहीतर आजोबांची कवळी अडकते.

जेवण झालं की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. आमच्या पिढीतले अजून प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच म्हणतात, टॅक्सीवाल्यांनाही तेच कळतं. बरेच जण इथे सकाळी दहाला येतात आणि दुपारी एकच्या उन्हात गेटवेवर भाजत उभे राहतात. उलट करा: ऊन डोक्यावर असताना तुम्ही छपराखाली.

१. बॅगा ठेवून टोकन घ्या, आणि टोकन एकाच माणसाकडे. पाकीट, मोबाइल, औषधं काढून घ्यायला विसरू नका.

२. सगळं बघायचं नाही. तीनच दालनं ठरवा. मी तळमजल्यावरची शिल्पं, वरची लघुचित्रं आणि शस्त्रांचं दालन घेते. शस्त्रांमध्ये अकबराचं चिलखत आणि ढाल आहे. मुलं असतील तर लघुचित्रांऐवजी प्राण्या-पक्ष्यांचं दालन.

३. मधल्या घुमटाखाली एकदा सगळ्यांना वर बघायला लावा. इमारत जॉर्ज विटेट यांची. गेटवेही त्यांचाच, आणि ते तासाभराने कामाला येईल.

४. दोन तास पुरेत. कोणी बाकावर बसून पेंगायला लागलं तर पेंगू द्या, बाकीच्यांनी एक दालन जास्त बघावं.

*तपासा:* निघताना बाथरूम, बाटल्या भरणं, माणसं मोजणं. याच क्रमाने. आधी माणसं मोजलीत तर बाथरूमहून येईपर्यंत पुन्हा मोजावी लागतात.

टप्पा ८: गेटवे (सव्वातीन ते साडेचार)

म्युझियमपासून गेटवे चालत दहा-बारा मिनिटं. इथे टॅक्सी शोधू नका. एवढ्या जवळचं भाडं कोणी आनंदाने घेत नाही. आणि रिक्षा तर मुळीच शोधू नका. पुण्या-नाशिकचे पाहुणे "रिक्षाने जाऊ ना" म्हणतात. मुंबई शहरात, म्हणजे वांद्रे-शीवच्या अलीकडे, रिक्षा चालत नाहीत.

दुपारी यायचं कारण पुन्हा ऊनच. आपण गेटवेचा फोटो शहराच्या बाजूने काढतो, समुद्र त्याच्या मागे पूर्वेला. सकाळी सूर्य थेट कॅमेऱ्यात येतो आणि पाहुण्यांचे चेहरे काळे पडतात. तीननंतर ऊन तुमच्या पाठीमागून दगडावर पडतं आणि बेसाल्टचा पिवळसर रंग उजळतो.

बॅग तपासणीची रांग असते, सॅक उघडून हातात धरा. आत गेल्यावर छापील फोटो काढून देणारे गाठतात. घ्या की, आठवण म्हणून तो प्रिंट आवडतो लोकांना. पण तीन गोष्टी आधी बोला: किती प्रती, कुठला आकार, एकूण पैसे किती. "एक काढतो" म्हणून दहा वेळा क्लिक होतं आणि दहाच्या दहा प्रती हातात येतात.

सांगण्यासारखं इथे थोडकंच आहे, पण ते चांगलं आहे. इंग्लंडच्या राजाच्या १९११ च्या भेटीसाठी ही कमान ठरली, पण तो आला तेव्हा ती बांधलेलीच नव्हती. उद्घाटन झालं १९२४ मध्ये. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तो १९६१ सालचा. तिन्ही गोष्टी एका जागी उभं राहून हात करून दाखवता येतात.

*सावधान:* कठड्यावर मुलांना बसवून फोटो नको. खाली पाणी खोल आहे आणि दगड शेवाळलेले.

टप्पा ९: ओव्हल, मग मरीन ड्राइव्ह (पाच ते साडेसात)

गेटवेवरून लोक सरळ टॅक्सी करून मरीन ड्राइव्हला जातात आणि ओव्हल मैदान राहून जातं. माझ्या मते अख्ख्या दिवसातली सर्वांत सुंदर जागा तीच, आणि तिला तिकीट नाही.

मैदानाच्या मधून एक पायवाट जाते. तिच्या मध्यावर थांबा. पूर्वेला राजाबाई टॉवर, विद्यापीठ आणि उच्च न्यायालय, टोकदार मनोऱ्यांच्या गॉथिक इमारती. पश्चिमेला गोलसर सज्जांच्या, १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. दोन्ही मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. पाचच्या सुमाराला पश्चिमेचं ऊन सपाट होऊन टॉवरवर पडतं आणि तो पायापासून घड्याळापर्यंत मधाच्या रंगाचा होतो. पंधरा-वीस मिनिटं टिकतं ते. टॉवर सुमारे २८० फूट उंच, १८७८ मध्ये पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला आणि आईचं नाव दिलं. वर चढायला देत नाहीत, त्यामुळे विद्यापीठाच्या फाटकावर विनवण्या करण्यात वेळ घालवू नका.

पायवाट सोडून खेळपट्ट्यांवरून जाऊ नका. पोरं ओरडतात, आणि चेंडू कुठल्याही बाजूने येतो.

इथून चर्चगेट स्टेशनवर एकदा जाऊन या (पुन्हा तेच कारण), मग वीर नरिमन रस्त्याने समुद्राकडे. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी कठड्यावर जागा धरा. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, जून-जुलैत सव्वासातनंतर. मे महिन्यात आलेल्यांना साडेपाचला आणून बसवलंत तर तोंडावर नुसतं ऊन.

*सावधान:* कठड्याखालच्या सिमेंटच्या चार टोकांच्या ठोकळ्यांवर कोणालाही उतरू देऊ नका. पावसाळ्यात भरतीची वेळ बघा. साडेचार मीटरच्या वरची भरती असेल त्या दिवशी कठड्यापासून लांब.

टप्पा १०: परतीची गाडी

सूर्य बुडाला की सगळे एकदम उठतात. तुम्ही उठू नका. साडेपाच ते साडेआठ या वेळात गाड्या भरून चालतात. भेळ खा, दिवे लागताना बघा, मुलांना कठड्याच्या आतल्या बाजूने पळू द्या.

चौपाटीपर्यंत चालत गेलात तर चर्नी रोड स्टेशन जवळ दिसतं आणि मोह होतो. तिथून चढू नका. गाडी चर्चगेटलाच भरून आलेली असते. पश्चिमेकडच्यांनी मागे चर्चगेटला यावं, जिथून गाडी रिकामी सुटते. मध्य रेल्वेच्या लोकांनी टॅक्सी करून सीएसएमटीला जावं, दादरला बदलण्याच्या भानगडीत पडू नये. दमलेली सात माणसं दादरच्या पुलावर एकत्र राहत नाहीत.

सीएसएमटीला टॅक्सी महापालिकेच्या बाजूला सोडायला सांगा. रात्री स्टेशनवर रंगीत दिवे सोडलेले असतात. सकाळचा राहिलेला फोटो इथे काढा, मग माणसं मोजा आणि भुयारी मार्गात शिरा.